दोनच्या आधी दहा

हॅलो?… बोला मॅडम, तुमच्याच फोनची वाट बघत होते… नाही, रागावलेली नाही. भडकलेय!

…दवाखान्यात, अजून कुठे? सकाळी तू बाबांना रक्ततपासणीला सोडून गेलीस ना, ते अजून इथेच बसलेत. उपाशी!… अगं, नंबर कसा येईल? मी आत्ता आले आणि समोरची स्क्रीन बघतेय. झालेल्या नंबरांची यादी आहे तिच्यावर. एक, मग दहा, अकरा, बारा… आता पंधरा आत गेला. बाबांचा नंबर किती? दोन!

हो, हो… अगं ऐक ना! नर्सचा काय दोष? स्क्रीनवर येईल तो नंबर ती बिचारी पुकारते. आणि स्क्रीन कोणाची? आपल्या ऑफिसची. आपण दोघींनी केलेली! मला एवढंच सांग, नंबरांची रांग लावायचं मी लिहिलेलं फंक्शन प्रोग्राममधून कुठे गेलं?

…काढलंस? कधी?… काल. मला न विचारता… काय म्हणालीस? प्रोग्रामिंगच्या भाषेतच तयार मिळतं, मग चाळीस ओळी कशाला? वा! एका ओळीत काम उरकलं. आणि त्या ओळीला सांगितलंस का, की हे आकडे आहेत म्हणून?… मग! न सांगता सोडलं की ते आकड्यांनाही शब्दच समजतं. आधी एकाने सुरू होणारे सगळे… हो, दहापासून एकोणीसपर्यंत सगळे… आणि मग दोनाची पाळी!

तपासलं होतंस?… किती नंबर घालून?… पाच? अगं, पाच नंबरांची रांग नीटच लागणार! एक दहा घालून बघितला असतास तर तिथल्या तिथे कळलं असतं.

काय?… माझं अडकायचं? बरं, गर्दीच्या दिवशी स्क्रीन थांबायची. थांबायची! पण कोणाला उलटसुलट बोलवत नव्हती… जुनाट? डोकं खपवून लिहिलं होतं मी ते, जुनाट म्हणे!… थांब जरा.

बाबा, पाणी तरी घ्या. पाणी चालतं. अंधारी येतेय म्हणताय ना?

…हो, अंधारी येतेय त्यांना. साखर उतरली असणार… सांगितलंय मी नर्सला, पुढचे बाबाच म्हणाली. पण बाकीच्यांचं काय? तीन नंबरच्या आजी इथे शेजारीच बसल्यात, त्याही उपाशी. चार नंबरवाले तर निघून गेले वैतागून… आता रडू नकोस. रडून रांग लागत नाही! कॉम्प्युटर समोर आहे ना? उघड.

…नको, माझं परत टाकू नकोस… हो, मीच म्हणतेय, कान ठीक आहेत तुझे. तयार मिळतंय तेच ठेव, भराभर चालतं ते. फक्त दोन नंबरांतला लहान कुठला, हे कसं ठरवायचं तेवढं त्याला लिहून दे. पहिल्यातून दुसरा वजा, उत्तर उणे आलं तर पहिला लहान… हो, एवढंच. तेवढं आपण सांगायचं, बाकीचं त्याचं ते करतं. आणि या वेळी तीस नंबर घालून तपास!

…

झालं? टाक… थांब, बघते… आलं! दोन! बाबा, उठा, तुमचा नंबर… काय?… तुम्हाला माहीत होतं? मग उठून सांगायचं ना कोणाला तरी!

…

आहे गं, आहे मी… काही नाही. बाबांना कळलं होतं. एकानंतर दहा पुकारला तेव्हाच… गप्प बसले. सकाळी आल्या आल्या त्यांनी अख्ख्या हॉलला सांगितलं होतं, ही स्क्रीन माझ्या धाकटीने केलीय म्हणून. तक्रार केली असती तर लोकांनी तुला नावं ठेवली असती. म्हणून उपाशी बसून राहिले.

आणि मी इथे उभी राहून मघापासून तुझ्या नावाने ओरडतेय… हो, ऐकलं सगळ्यांनी. सगळे माझ्याकडेच बघतायत.

…चाललेत आत. नर्सने हात धरलाय… थांब, दारात थांबून त्या आजींना काहीतरी सांगतायत. “बघितलंत? बिघडलं होतं, धाकटीने बसल्या जागी दुरुस्त केलं.”

आता माझ्याकडे बोट दाखवतायत… “ही थोरली. हिचा आवाज जरा मोठा आहे, मनावर घेऊ नका.”

…हसू नकोस! ठेव फोन!