रोज एक छोटी वाईट बातमी

नाही नाही ताई, त्या कपाटाला नका टेकू — आत यीस्ट आहे, तेच हो, पाव फुगवायचं — इकडे या, या स्टुलावर बसा. हो, शर्ट मीच जाळला. मुद्दाम. तुमच्या भावाने सांगितलं ना? म्हणून तर थेट माझ्या लॅबमध्ये आलात, एरवी तुम्हाला इथला वास सहन होत नाही. आता भावजयीला वेड लागलंय असं नात्यात सगळीकडे सांगत सुटायच्या आधी पाच मिनिटं ऐका.

हे दोन फ्लास्क बघा. दोन्हीत तेच यीस्ट. यात मी तासाभरापूर्वी पेरॉक्साइड टाकलं — जखम धुवायला वापरतात ते — अगदी किंचित. यांच्यासाठी विषच ते. पेशी दचकतात, धावाधाव करतात, विष फोडायची हत्यारं तयार करतात. मग मी मोठा डोस देते, दोन्हीकडे — तर इकडच्या तरतात आणि तिकडच्या बिचाऱ्या, ज्यांना कुणी काही शिकवलंच नाही, पटापट माना टाकतात. आणि आधीचं संकट तेच हवं असंही नाही बरं का — नुसता उष्णतेचा चटका दिलात तरी पुढे विष पचवतात! एकोणीस वर्षं हेच करतेय मी. मग घरी वापरायला नको? घरचा माणूस काय यीस्टहून परका आहे?

मोठी बातमी होती ना माझ्याकडे. समुद्रापलीकडची लॅब, तीन वर्षं, एकटीने जायचं — बसा, बसा, तुम्हाला एकदम मोठाच डोस गेला, चुकलंच माझं. तर म्हटलं, त्याला आधी तयार करू. रोज संध्याकाळी एक छोटी वाईट बातमी. पहिल्या दिवशी शर्ट — तुमचा भाऊ चाळीस मिनिटं धुमसत होता, घड्याळ लावून मोजलं मी. खोटं नाही हं सांगितलं एकदाही! खोट्या विषाने पेशी शिकत नाहीत, म्हणून शर्ट खराच जाळावा लागला. मग चष्म्याची काडी. मग निवडुंग — निवडुंग मारणं सोपं वाटतं का तुम्हाला? नऊ दिवस पाणी ओतत होते. मग त्याचा न्हावी. हातापाया पडून आठवडाभर दुकान बंद ठेवायला लावलं. आणि त्याचा राग निवायचा वेळ कमी कमी होत गेला, ताई! पंधराव्या दिवशी दोन मिनिटं. विसाव्या दिवशी नुसतं ‘बरं’.

काल सांगितलं. जातेय म्हटलं, तीन वर्षं. तर ‘बरं’ म्हणाला आणि भांडी विसळायला लागला. मी वहीत लिहिलं, प्रयोग यशस्वी. लिहिलं आणि — एक बोलू का? वाटलं होतं, जरा तरी ओरडेल. नको जाऊस म्हणेल. म्हणाला असता तर — नाही, गेलेच असते मी. बहुतेक. उद्या पाचपर्यंत कळवायचंय त्यांना.

काय? तुमच्याकडे? सकाळपासून? — आणि जेवला पण नाही? रेडिओ लावून दिलात तरी नाही? भिंतीकडे बघत नुसता —

थांबा. थांबा जरा.

हे मी तुम्हाला सांगितलंच नाही ना. या ज्या तरतात, त्या वाढायच्या थांबतात. सगळं बळ तग धरण्यात जातं, नवी पेशी म्हणून जन्माला घालत नाहीत. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान टिकल्यात. पहिल्या वर्षी शिकवतात हे. पहिल्या वर्षी, ताई! आणि मी विसरले. नाही — विसरले कुठली, ठाऊक होतं सगळं. त्याला काही व्हायला नको आणि मलाही त्याला रडताना बघावं लागायला नको, दोन्ही हवं होतं मला.

उपाय? उपाय कसला, विष काढून घ्यायचं आणि वाट बघायची. किती वेळ, ते त्यांचं त्या ठरवतात. उठा तुम्ही, घरी जा. त्याला सांगा की मी — नको. काही सांगू नका. आजचा दिवस त्याला कुणीच काही सांगू नका.