भरितातली अळी

सासरी मी पहिल्यांदा भरीत केलं, त्या दिवशीची गंमत सांगते. जेवता जेवता वाद रंगला होता. काकासासरे म्हणत होते, कपाशीसारखं वांग्याचंही बीटी बियाणं यायला हवं, फवारणी तरी वाचेल. सासरे ठाम होते, "जे खाईसन अळी मरस, ते मी कसं खाऊ?"

तेवढ्यात सासऱ्यांच्याच घासात अळी निघाली. वांगी चिरून न बघता मी तशीच अख्खी भाजली होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

सासऱ्यांनी अळी उचलून काकांना दाखवली. "देख! आपलं वांगं चोखं शे."

"पण दादा, अळी तर मरेल शे!" काका मेलेल्या अळीकडे बोट दाखवत म्हणाले.

"ती मन्ही सूननी मारी, वांगानी नही!" म्हणत त्यांनी भरीत परत वाढून घेतलं.