मांसावरचा मार

आमी श्रीगोंद्याकडचे. दोघं भाऊ. मी उत्तम, थोरला, आन माझ्यामागं दहा वर्सांनी दिगंबर, दिगू. वडील लवकर वारले, तवा त्याला साळंत घातला मी, त्याचं लगीन लावलं मी, आन मारलाबी मीच. काय सांगू तुम्हाला. लिहा तुमी, काय झाकू नका.

भांडन विहिरीचं. सामाईक विहीर, चार दिस माझं पानी, चार दिस त्याचं. उन्हाळ्यात माझा ऊस वाळाय लागला आन त्याच्या पाळीत मी मोटार चालू केली, व्हय, चूक माझीच, त्यानं येऊन बंद केली, मी परत चालू केली, त्यानं परत बंद केली आन म्हनला, दादा, बापाच्या जागी हाय म्हनून गप ऱ्हातो, पर चोरी ती चोरीच. चोरी म्हनला मला. तिथं टिकावाचा दांडा पडला हुता. पहिला दनका पाठीत बसला, तो पालथा पडला, मग मी थांबलोच न्हाई. मांड्यांवर, कुल्ल्यांवर, पोटऱ्यांवर, दांडा वर जायचा आन खाली यायचा, दिगू आदी वरडत हुता, मग मातीत तोंड घालून नुसता कन्हत हुता. डोक्यावर न्हाई मारलं बरं का. मांसावर मारलं की मानूस मरत न्हाई, एवढ्या रागातबी एवढी अक्कल हुती मला, असं मला वाटायचं. त्याची बायको कमल पळत आली तर तिच्यावरबी दांडा उगारला, म्हनलं, उचलायचा न्हाई, पडू दे उन्हात. दुपार टळंस्तवर पडला तो, बिनपान्याचा.

दुसऱ्या दिशी सकाळी कमल माझ्या दारात. म्हनली, ह्यांची लघवी कोऱ्या चहावानी काळी झाली, आता तर हुतच न्हाई, उलट्या थांबंनात. गाडी तुमच्याकडंच हाय, काढा. दादा म्हनली न्हाई मला.

पिकअपमधी गादी टाकून नगरला नेला. तिथल्या डाक्टर म्याडमनी मांड्या बघितल्या, काळ्यानिळ्या, दगडावानी टनक. इचारलं, कशाचा मार? कमलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलो, दांड्याचा, मीच मारलाय, पर डोक्यावर न्हाई मारलं. म्याडम म्हनल्या, मांसावर मारलं म्हनूनच हे झालंय. ठेचलेल्या मांसातलं इख रक्तात उतरलं, त्यानं किडन्या बंद पडल्या. रक्तात पोटॅशियम एवढं वाढलंय की काळीज कवाबी थांबंल. आत्ताच्या आत्ता डायलिसिस करावं लागंल, आन पोलिसांनाबी कळवावं लागंल.

कमल रडाय लागली, म्हनली, म्हंजी आता जल्मभर मशीन? म्याडम म्हनल्या, न्हाई ताई, ह्यांच्या किडन्या परवापातूर चांगल्या हुत्या. मशीन रक्त बाहीर घेतं, साफ करतं, परत अंगात सोडतं. मशीन किडनी बरी करत न्हाई, ती बरी व्हईपातूर तिचं काम करतं. बहुतेक सुधरंल, पर आज केलं न्हाई तर सुधरायला मानूसच राहायचा न्हाई. कमलनं सही केली.

मशीन जोडायची नळी मानंत घालायला आत नेत हुते तवा मी जवळ गेलो. दिगूला पुरती सुद नव्हती. मला बघितलं आन दोनी हातांनी मांड्या झाकल्या, वरडला, दादा मारू नको, मोटार चालू ठिव, सगळं पानी घे. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. तो मार मला बसला.

पोलिसांनी मला तिथनंच नेलं. मी आत असताना दिगूला कितींदा मशीनवर घेतलं, मला ठावं न्हाई. एक दिस माझी बायको भेटाय आली, गजाच्या पल्याडनं म्हनली, दिगूभावजींना आज लघवी झाली, वाटीभर, सिस्टरनं कमलला बोलवून दावली. मी तिथंच फरशीवर बसलो, हमसून हमसून रडलो.

आता जामिनावर हाय. केस चालू हाय. दिगूनं खरा जबाब दिला, बरं केलं. मशीन सुटलं त्याचं, तपासाय नगरला जातो अधूनमधून, पर माझ्या गाडीत न्हाई. घराला घर लागून हाय आमचं. मी अंगनात आलो की तो उठतो आन आत जातो. मी बघत ऱ्हातो. आपल्या पायानं जातो हो तो. देवानं त्याला असंच चालतं ठिवावं, माझ्याकडं पाठ करून का हुईना.