निसर्गानं निवडलेलं गाव

आता मला सांगा, बॅनर लावला यात माझं काय चुकलं? आमची निशा, माझी पोरगी, जनुकांवर पीएचडी करते, नि तिचं ते डीप लर्निंगवालं मशीन सांगतंय की खाडीकाठच्या आमच्या गावाला निसर्गानं निवडलंय... निवडलंय हो! रक्तात कायतरी खास होतं म्हणून आम्ही टिकलो! मग काय, दुसऱ्या दिवशी नाक्यावर वीस फुटी बॅनर, 'निसर्गानं निवडलेलं गाव, हार्दिक अभिनंदन', नि खाली ज्यांनी तपासायला थुंकी दिली त्या चाळीसही जणांचे फोटो, गॉगल घालून!

तर तिच्या गाइड क्षिप्रा मॅडमचा फोन. एकदम थंड आवाज, "हे चाळीस जण एकमेकांचे कोण?" म्हटलं, मॅडम, सगळी आपलीच माणसं! कोण चुलता, कोण मेव्हणा... "अहो, नात्यातले नकोत म्हणून सांगितलेलं ना?" आता मला सांगा, आमच्या गावात नात्यात नसलेला माणूस आणायचा कुठून, दिवा स्टेशनावरून?

निशा रडकुंडीला आलेली. "बाबा, मी मशीनला कॉम्प्युटरवर लाखभर खोटी गावं बनवून शिकवलं, कुठे निवड झाली, कुठे नाही. पण निवड न होता गाव नुसतं मध्येच पाच घरांवर आलं, तरी पुढे सगळ्यांची जनुकं निवड झाल्यासारखीच सारखी दिसतात. आपलं गाव कधी असं कमी झालेलं का?"

मला काय माहीत! माझ्या आईला विचारलं, कमळाबाईला. वय नव्वद. तुम्हाला सांगतो, बाई बोटं मोजायला लागली. "तापाचं साल होतं रं. मिठागरावर जायाला मानूस नव्हता. आमी सात भावंडं, मी येकटीच रायले." नि मग निशाचा हात धरून, "पोरी, इचार तुज्या मशीनला. मीच कशी वाचले? त्यांचं काय चुकलं?"

ऐंशी वर्षं हे पोटात घेऊन बसलेली, नि मला, पोटच्या पोराला, पत्ता नाही! लाज वाटली हो.

निशानं तापानं रिकामी झालेली गावं बनवली, मशीनला परत शिकवलं. महिनाभर आई रोज विचारायची, "काय बोल्ला?" काल बोलला. निवड वगैरे काही दिसत नाही. जे उरले, ते उरले.

आईला सांगायला मीच गेलो. "मंजे त्यांचं कायच चुकलं नव्हतं?"

"नाय आये."

डोळे पुसले तिनं. मग म्हणते, "मंग मी उगीचच वाचले."

आता मला सांगा, यावर काय बोलायचं? म्हटलं, उगीच तर उगीच, आये... त्या उगीचमध्येच मी आलो.