आठ पायांची मिरची

…आन् वरून लोकं काय म्हणतेत, "तुझं काय बाई, पंख्याखाली बसायचं, चित्रं काढायची, पगार घ्यायचा!" चित्रं काढायची म्हणं! आरं, त्या सुकेशनीच्या जागी येक दिवस उभं ऱ्हाऊन बगा, मग बोला. तुमाला सांगतो, भ्याव काय आस्तंय ते सुकेशनीला इचारा!

ही सुकेशनी पूर्णा गावची. बाप रेल्वेत. पोरगी पुण्यात डिझाईन शिकली, तिथंच धा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांचं रूप घडवलं, आन् मग काय मनात आलं काय की, वापस आली परभणीला! कशाला? तर मालन मसाल्याची ब्रँड-हेड व्हायला! हाताखाली चार माणसं, दारावर नावाची पाटी. पाकीट कसं दिसावं, टेम्पो कसा दिसावा, जाहिरातीत कंपनीनं कसं बोलावं, समदं तिच्या डोक्यातून. मालक दत्तराव. आन् मालन म्हणजे त्यांची माय, मालनबाई. म्हातारीनं येका उखळावर चटणी कुटून उभा केलेला धंदा हाय त्यो.

जुनं पाकीट बगितलंय का तुमी? मोर, सूर्य, उखळ, गाय, मालनबाईचा फोटो आन् दत्तरावांचा मोबाईल नंबर! मसाल्याचं नाव शोधायला भिंग लागायचं! सुकेशनी सहा महिने येकेक काढायलीय, दत्तराव येकेक धरून बसायलेत. "म्याडम, सूर्य न्या, गाय न्या, आमच्या मायचा फोटो बी न्या, पर मोर ऱ्हाऊ द्या ओ! मोरानं काय वाकडं केलंय तुमचं?" शेवटी येकदाचा मोर गेला. ऱ्हायली फकस्त येक मिरची. लालभडक, झोकदार. देठाला दोन पानं, शेंडा वर वळलेला, आन् दोन्ही अंगांनी बारीक रेघा… वास दरवळायलाय म्हणून! चार हिकडं, चार तिकडं. समद्यांना पसंत. झालं, पाकिटं छापली, टोप्या छापल्या, कामावरच्या बायांचे एप्रन छापले.

मग उजाडला नव्या चिन्हाच्या उद्घाटनाचा दिवस. सकाळी नऊला सुकेशनी कारखान्याच्या गेटात उभी, आन् सिताराम ड्रायवर नवा रंगवलेला टेम्पो घिऊन आला. टेम्पोच्या अंगावर धा फुटाची मिरची. टेम्पो वळला… आन् ही टुणकन मागं उडाली!

"विंचू!"

सिताराम घाबरून खाली उतरला, चाकाखाली बगायलाय, सीटखाली बगायलाय. "कुठंय म्याडम? कुठंय?"

कुठंय म्हणून काय इचारतो बाबा! दोन पानं म्हणजे चिमटे. वळलेला शेंडा म्हणजे नांगी. आन् त्या वासाच्या रेघा मोज की! आठ! पाय! येक डाव त्यो इंचू दिसला की मग मिरची काय केल्या दिसंना! तिनं डोळे मिटून बगितलं, चष्मा काढून बगितलं, मान वाकडी करून बगितलं… इंचू तो इंचूच! आत मांडवात नजर टाकली, तर तीस बाया सतरंज्या हातरायल्यात, हरेकीच्या एप्रनवर, पाठीवर इंचू. बाई वाकली की इंचू चालायलाय! सुकेशनीच्या तोंडाचं पाणी पळालं. वर्षाची मेहनत, हाताखालच्या चार जणांच्या नोकऱ्या, आन् दत्तरावांनी इस्वासानं सोडून दिलेला मोर… तुमाला सांगतो, भ्याव काय आस्तंय ते सुकेशनीला इचारा!

गेली धावत दत्तरावांकडं. "साहेब, एक सांगायचंय."

"भाषण झाल्यावर!"

"साहेब, ते आपल्या चिन्हात…"

"म्याडम, फेटा बांधायलेत, मान हलवू नका म्हणलेत मला! आन् तुमी हितं काय करायलाव? म्होरल्या रांगेत बसा! आज तुमचा सत्कार हाय, शाल हाय, नारळ हाय!"

घ्या! आता फाशीच्या आधी शाल बी पांघरायची!

मांडवात तीनशे माणूस. जिंतूरचे दुकानदार, पोखर्णीचे दुकानदार, पाव्हणेरावळे. स्टेजवर भिंतीयेवढं चिन्ह, त्याच्यावर पडदा, आन् पडद्याची दोरी मालनबाईच्या हातात. सुकेशनी खुर्चीत बसून हिशेब करायलीय… गप बसावं का? कुणाला दिसला न्हाई तर? आन् उद्या दिसला तर? लोकं म्हणतील, बाईला ठावं होतं आन् गप बसली. शेवटी उठली. उठली म्हणजे काय, पळालीच! स्टेजवर चढून तिनं म्हातारीचा हात धरला.

"आजी, ओढू नका! माझी चूक झालीय. ती मिरची… मिरची वाटत नाही हो. विंचू वाटतोय!"

आन् माईक चालू!

तीनशे माना स्टेजकडं वळल्या. दत्तरावांचा तर फेटा बी हलायलाय. मालनबाई म्हणल्या, "काय म्हणलीस माय?" आन् म्हणता म्हणता वढली की दोरी! पडदा खाली. म्हातारीनं चष्मा सारखा केला, वर बगितलं, खाली बगितलं. "कुठला इंचू? मला तर मिरचीच दिसायलीय. चांगली ठसठशीत!"

सुकेशनीच्या जिवात जीव आला.

"थांब थांब… आता तू म्हणल्यावर दिसायलाय की गं! ह्ये बग पाय!"

झालं! तीनशे माणूस उभं. "हाव की! इंचूच हाय!" "नांगी बगा नांगी!" येकजण तर मोठ्यानं पाय मोजायलाय! आरं, तवर येकाला बी दिसला नव्हता! येकाला बी! दत्तरावांनी शाल दिली, नारळ दिला, पर तिच्या तोंडाकडं बगितलं न्हाई.

म्होरले आठ दिवस दत्तराव गप. फोन वाजला की ही आधी दत्तरावांचं नाव शोधायची, मेल आला की तेच. राजीनामा लिहून पर्समधी ठिवला. बाप म्हणायला, "शिव्या दिल्या का मालकानं?" "नाही ना बाबा, तेच तर!" शिव्या दिल्या की माणूस मोकळा होतोय. तुमाला सांगतो, भ्याव काय आस्तंय ते सुकेशनीला इचारा!

नवव्या दिवशी बोलावणं आलं. ही आत गेली, तर दत्तराव बसलेत, बाजूला मालनबाई.

"बसा म्याडम. पोखर्णीचा दुकानदार काय म्हणायलाय, ठावं हाय का? गिऱ्हाईक मालन मसाला म्हणंना!"

"साहेब, मी पंधरा दिवसांत चिन्ह बदलून देते. चूक माझी आहे, माझ्या माणसांना…"

"आवं ऐका तर! 'इंचू छाप द्या' म्हणायलंय! जिंतूरला पाकीट शिल्लक न्हाई. खबरदार, येक पाय कमी केला तर!"

मालनबाई हसल्या. "चटणी डसली पायजे गं माय. बराबर काढलास तू."

आता तरी हिचा जीव भांड्यात पडावा का न्हाई? पर दत्तराव खुर्ची म्होरं वढून, आवाज बारीक करून म्हणले, "म्याडम, म्होरल्या महिन्यात आपली हळद बाजारात यायलीय. हळदीला साप काढा!"

सुकेशनीनं त्यांच्या तोंडाकडं बगितलं. माणूस हसत नव्हता. तिनं वही उघडली, पेन्सिल काढली, आन् गरीब आवाजात इचारलं, "फणा काढलेला पाहिजे साहेब, का वेटोळं घातलेला?"