भरतीच्या वेळची बाटली

नको, नको, आत्ता नको भरूस ती बाटली — ठेव तिथे फळीवर आणि बस जरा. ती खुर्ची डगमगते, दुसरी घे. आत्ता भरती आहे, दिसतंय ना, पाणी कसं कालवांच्या खांबांच्या गळ्याशी आलंय — हे नदीचं पाणी नव्हेच मुळी, हा सगळा समुद्र आत घुसलाय, स्वच्छ, निळा, यात बाटली बुडवलीस तर काय मिळणार तुला? मीठ! दोन वाजता ओहोटी शेवटाला येते, वरच्या ओढ्याचं, टॅनर्स क्रीकचं पाणी खाली उतरतं, तेव्हा भर, म्हणजे कळेल तुझ्या सिडनीच्या साहेबांना आमच्या शिंपल्यांतल्या कालवांना काय पाजलं जातंय ते. लॅबची गाडी साडेअकराला निघते? मग निघू दे की! दुसरी गाडी बोलाव. खात्याला एवढंही जमत नाही? लोकांच्या शेडला टाळं ठोकायला बरी गाडी मिळते तुम्हाला, त्या दिवशी दोन-दोन आल्या होत्या.

तुझ्यावर नाही गं ओरडत. टेगन ना तुझं नाव? टेगन, चहा घे. दूध घातलंय, साखर घातलेली नाही. तू अन्नसुरक्षा खात्यात नवीन आहेस, तुझा काय दोष, तुला पाठवलं तू आलीस. पण ज्याच्यावर ओरडायला हवं तो इथे कधी येतच नाही, त्याला मी करू काय? तेवीस तक्रारी केल्यात मी कौन्सिलकडे त्या पंपाच्या — तेवीस — तारखांसकट दाखवते हवं तर. सांडपाण्याचा चार नंबरचा पंप. येताना वळणावर हिरवी पेटी दिसली असेल, कुंपणातली, शेजारी कॅरॅव्हॅन पार्क. ईस्टरला, नाताळला त्या पार्कात दोनशे बिऱ्हाडं उतरतात, दोनशे बिऱ्हाडांचे संडास, नि पंप कधीचा? चाळीस बिऱ्हाडं होती तेव्हाचा. वीज गेली, पाऊस झाला की तो पंप हात टेकतो, झाकण उचकटतं नि सगळा मैला क्रीकमध्ये. खारफुटीच्या मुळांना काय काय लटकलेलं असतं ते तू बाईमाणूस आहेस म्हणून तुला सांगायला हरकत नाही, पण चहा होऊ दे तुझा आधी.

आणि कौन्सिल काय म्हणतं? ‘ओव्हरफ्लोची नोंद नाही.’ नोंद कुठून असणार? नोंद करणारी घंटाच बंद आहे! मी स्वतः विचारलं त्यांच्या माणसाला, तर म्हणतो कसा, काकू, घंटा वाजत नाहीये म्हणजे सगळं ठीक आहे. घ्या! आणि हेच कौन्सिल, बरं का — गेल्या वर्षी चर्चच्या जत्रेत मी लिंबाचा मुरांबा ठेवला होता, बारा बाटल्या, त्यांवर लेबल नव्हतं, कशाकशाचा बनवलाय, कधी बनवलाय — तर चार दिवसांत पत्र! शिक्क्यासकट! लिंबाला लेबल लागतं, टेगन, आणि मैल्याला लागत नाही.

बिस्कीट घे. घे गं, दुकानातलं आहे, लेबल आहे त्याच्यावर.

हां, तर आमचं काय झालं, तुझ्या कागदात असेलच, पण कागद वेगळा आणि आम्ही वेगळे. ईस्टरच्या रविवारी बोलिंग क्लबात जेवण होतं, वीस डझन कालवं आमची गेली — माझ्या मुलाची, क्रेगची. लायसन्स त्याच्या नावावर आहे. आधी मी नि डेस करायचो, डेस म्हणजे माझा नवरा, तो गेला, मग क्रेगने हाती घेतलं. सोमवारी सकाळपासून लोक आजारी. अकरा जण, उलट्या नि जुलाब, आणि बर्ट हॉलोवे म्हातारा चार दिवस इस्पितळात, सलाइनवर. बर्ट आमच्या लग्नात होता गं. मी भेटायला गेले तर मलाच म्हणतो, ग्लेनिस, मनाला लावून घेऊ नकोस, कालवं मात्र मस्त होती. त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तुमचं खातं आलं. यायलाच हवं, मी नाही म्हणत नाही — लोक आजारी पडले तर बघायलाच हवं कुणीतरी. पण बघितलं काय? शेड बघितली. थर्मामीटर बघितला. हात धुवायच्या बेसिनपाशी कागदी रुमाल संपले होते ते लिहून घेतलं. अडीच तास शेडमध्ये होते, आणि मी म्हणतेय चला, होडी तयार आहे, वर क्रीकमध्ये चला, पंप दाखवते — तर साहेब म्हणाले, ते आमच्या कार्यकक्षेत येत नाही. त्यांची कक्षा म्हणजे शेडची फरशी! आणि नंतर पत्र आलं ते हे बघ, माझ्या एप्रनच्याच खिशात असतं. ऐक. ‘सदर नदीच्या पाण्याचे मासिक नमुने गेली सहा वर्षे निर्दोष आढळले असून, सबब दूषण शेडमधील हाताळणीतून झाले असण्याची शक्यता अधिक.’ सबब! महिनाअखेरपर्यंत दुसरं कारण सिद्ध झालं नाही तर क्रेगचं लायसन्स रद्द. म्हणजे काय? म्हणजे माझ्या पोराचे हात घाणेरडे! तो बघ तिथे, पाठमोरा, पाइप घेऊन उभाय — सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी धुतोय. कालवं नाहीत, गिऱ्हाईक नाही, काही नाही, नुसता धुतोय. ब्लीचने बोटांची सालं निघालीत त्याची. काल रात्री जेवता जेवता म्हणाला, आई, त्या शनिवारी कालवं भरताना मी मध्येच फोन घ्यायला बाहेर गेलो होतो, परत आल्यावर हात धुतले होते की नाही ते मला आठवत नाहीये गं. आठ दिवस हेच चाललंय. हात धुतले होते की नाही. चाळिशीचा बाप्या, दोन पोरींचा बाप, आणि रडवेला झाला होता.

म्हणून सांगतेय तुला, आत्ता नको. आज एक तरी बाटली खरी जाऊ दे तुमच्या लॅबमध्ये. एक घाणेरडी बाटली निघाली की पंपाकडे बघावंच लागेल त्यांना, कौन्सिलच्या नाकावर टिच्चून बघावं लागेल, आणि मग शेडचं कोण बोलणार? आत्ता भरलीस तर साफ निघणार. हमखास साफ. अगं, बघितलंय ना मी — एकदा नाही, दोनदा नाही, बहात्तर वेळा — भरतीला भरलेली बाटली कधी म्हणून नापास झालेली नाही.

काय?

बहात्तर म्हणजे — आपलं बोलण्यात येतं गं. पुष्कळ वेळा, एवढंच. माणूस म्हणतो ना, शंभरदा सांगितलं, तसं. तुझा चहा निवतोय.

ती फाइल कशाला काढतेस? राहू दे ना ती. सहा वर्षांचे कागद आत्ता कशाला उलटत बसतेस, वारा आहे, उडतील. हो. हो, ती सही माझीच. जी. पॅस्को, मीच. त्यात लपवायचं काय, सगळ्यांना ठाऊक आहे — दर महिन्याला एका बाटलीसाठी सिडनीहून माणूस पाठवणं खात्याला जमत नाही, म्हणून प्रत्येक नदीवर तिथल्याच एका कालववाल्याला नेमतात. बाटल्या पाठवतात, बर्फाचा डबा पाठवतात, एक दिवसाचं शिकवतात, झालं. ज्याने पेपर लिहायचा त्यानेच तपासायचा! ही पद्धत आम्ही नाही काढली, तुम्ही काढलीत. कुणीतरी कधीतरी विचारायला नको होतं का? सहा वर्षांत एकदा, एकदा तरी कुणी शेजारी येऊन उभं राहिलं असतं — नाही, फॉर्म भरून आला की तुम्ही खूश.

हो, वाचता येतं मला. ‘ओहोटी’वर खूण आहे. सगळ्यांवर आहे.

थांब, असं बघू नकोस माझ्याकडे. पहिल्यांदा मी मुद्दाम नव्हतं केलं. एप्रिल होता, डेस इस्पितळात होता, फुप्फुसाचा त्रास, दुपारी त्याला भेटून निघाले ते रस्त्यातच उशीर झाला, पोचले तोवर ओहोटी संपून पाणी फिरलं होतं. म्हटलं आता काय, उद्या परत कोण येणार, बुडवली बाटली. आणि फॉर्मवर हात आपला नेहमीच्या ठिकाणी गेला, ओहोटी. त्याच्या आधीच्या दोन बाटल्या खराब निघाल्या होत्या, ऐन ईस्टरला नदी बंद पडायची, कालवं विकायलाच बंदी यायची वेळ आली होती — पाच घरं आहेत गं या नदीवर, पाचांचीही कालवं काढायला तयार, वर्षभर वाढवलेली. आणि ती बाटली साफ आली. नदी उघडली. विन्स टेडेस्को, तो समोरच्या काठावरचा, त्याच्या बायकोने मला केक आणून दिला. कशाबद्दल म्हणून विचारलं नाही मी, तिनेही सांगितलं नाही. पण पुढच्या महिन्यात विन्सचा फोन — ग्लेनिस, उद्या भरती साडेदहाला आहे बरं का. एवढंच. हवामान सांगावं तसं. दर महिन्याला. आणि मी साडेदहाला जायचे.

विन्सचं नाव लिहू नकोस. त्याने फक्त भरतीची वेळ सांगितली, ती तर पेपरातही छापून येते. बाटली माझ्या हातात होती.

आणि गंमत काय — गंमत कसली डोंबलाची — त्याच सहा वर्षांत मी तेवीस तक्रारी केल्या! खऱ्या, मनापासून! इकडे कौन्सिलला लिहायचं की तुमचा पंप नदीत ओततोय, नि तिकडे तुम्हाला लिहायचं की नदी साफ आहे. कौन्सिलने दर वेळी काय उत्तर दिलं असेल? ‘खात्याचे नमुने निर्दोष आहेत.’ माझेच नमुने! माझ्याच तोंडावर मारत होते ते! आणि मी बाहेर येऊन चिडायचे, टेबल आपटायचे, सरकारला लाज नाही म्हणायचे. एकदासुद्धा डोक्यात आलं नाही — नाही, खोटं कशाला बोलू, आलं होतं. रात्री यायचं. सकाळी पाच घरांचे खांब पाण्यात उभे दिसायचे आणि मी म्हणायचे, या महिन्यापुरतं. आम्ही स्वतः खायचोच ना तीच कालवं, क्रेगच्या पोरी खायच्या, काही झालं का कुणाला? नाही झालं. नाही झालं म्हणून चाललं. मग बर्ट.

पेन का थांबवलंस?

मला एक सांग, सरळ सांग, खात्याची भाषा नको. तू हे लिहिलंस तर शेडवरचा ठपका जाईल? क्रेगचा? नक्की नाही पण — हां. हां. पाणी खराब असणार असं धरूनच चालतील. आणि नदी? सगळे जुने नमुने रद्द, म्हणजे पाचही घरं बंद, पहिल्यापासून पुन्हा मोजणी. किती? तीन वर्षं? तीन वर्षांत विन्स संपला गं. तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. आणि मी नाही लिहू दिलं तर? तर एकच शेड जाते. माझ्या पोराची. बाकीची चार उघडतात, पंप ओततच राहतो, आणि पुढच्या ईस्टरला आणखी कुणीतरी.

आठ दिवस, टेगन. आठ दिवस ते पोर आपल्या हातांकडे बघत बसलंय, आणि मी काय करतेय? मी त्याला चहा करून देतेय. म्हणतेय, जाऊ दे रे, सरकार असलंच असतं. आई म्हणवते स्वतःला! एकदा तोंड उघडलं असतं तर त्याला रात्री झोप लागली असती. माझ्याच्याने झालं नाही. त्याचा बाप गेल्यापासून त्याला वाटतं या नदीवर एक माणूस सरळ आहे तर ती मी.

लिही. पेन उचल आणि लिही, माझ्याकडे बघू नकोस. नमुना घेणारी ग्लेनिस पॅस्को. बहात्तर नमुने, सगळे भरतीच्या पाण्याचे, फॉर्मवर ओहोटी लिहिलेली खोटी. कुणाच्या सांगण्यावरून — कुणाच्याही नाही. आजची बाटली दोनला तूच भर, मी हात लावणार नाही, साक्षीला हवं तर पाद्र्याला बोलाव. आण इकडे, सही करते. चष्मा — हा काय, डोक्यावरच आहे. कुठे, इथे? आणि इथे. झालं.

आता तू गावात जाऊन काहीतरी खाऊन ये. गाडी मागच्या फाटकाने काढ, शेडवरून नको. तो पाइप खाली ठेवून तुझ्याकडे येईल, विचारेल काय निघालं म्हणून, आणि तुझा चेहरा सांगून टाकेल. त्याच्याशी बोलायचं ते मी बोलेन. जा, पोरी. कप राहू दे तिथे, जा.