ग्रेगचे बूट

अरे, आमच्या ऑस्ट्रेलियन मॅनेजरला, ग्रेगला, जपानचं भारी वेड. परवा टीम आउटिंग म्हणून आम्हाला सिटीत जपानी टी सेरेमनीला घेऊन गेला. दारातच मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मेट, इथे बूट काढून आत जायचं हं. त्यांच्याकडे तो रिस्पेक्ट असतो." म्हटलं, "नो वरीज." मग स्वतःचे बूट त्याने असे जुळवून ठेवले, जशी काही पूजाच मांडतोय.

हाच ग्रेग गणपतीला आमच्याकडे ग्लेन वेव्हर्लीला आला होता. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला. मी "ग्रेग, शूज..." म्हणेपर्यंत हा बुटांसकट थेट मखरापाशी. वर म्हणतो, "डोन्ट वरी मेट, क्लीन आहेत." मॅनेजरला काय बोलणार? तो गेल्यावर पुण्याहून आलेल्या माझ्या आईने फरशी पुसली.

तर परवा घरी आलो, तेव्हा आईने विचारलं, "काय शिकवलं रे तिथे?"

"बूट काढून आत जायचं."

"तुझ्या साहेबाने काढले?"

"सगळ्यांत आधी."

"मग आपल्याकडे का नाही काढले?"

म्हटलं, "आपण जपानी नाही ना, आई."